चौथ्या दिवसाची संध्याकाळ : केमो, काळं तेल आणि अर्धा ड्रॉपर

रुग्ण ६८ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. कोथरूडला मुलगा, सून आणि नातवासोबत राहतात. अंडाशयाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, त्यानंतर दर तीन आठवड्यांनी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलची केमो. ही हकिगत दुसऱ्या केमोनंतरच्या चौथ्या दिवसाची. आधीपासूनची औषधं दोनच: बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम ०.५. दुसरी गोळी मीच सुरू केली होती, त्यांचे यजमान गेले तेव्हा, महिनाभरासाठी म्हणून. त्याला आता नऊ वर्षं झाली. ती बंद करायचं राहून गेलं, आणि ते माझ्याकडून राहिलं.

मी त्यांचा फॅमिली डॉक्टर. त्यांना काकू म्हणतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. लिहायची परवानगी त्यांनी स्वतः दिली, एका अटीवर: "लिहा, पण मला बिचारी करू नका."

न घेतलेली गोळी

पहिल्या केमोनंतर काकूंना ओकाऱ्या फार झाल्या नव्हत्या, पण मळमळ पाच दिवस गेली नाही. कुकरची शिट्टी झाली की तोंडाला पाणी सुटायचं, चांगल्या अर्थानं नव्हे. फोडणीचा वास आला की त्या बाल्कनीत जाऊन बसायच्या. वजन साडेतीन किलोनं उतरलं. म्हणून दुसऱ्या वेळी कॅन्सरच्या डॉक्टरांनी नेहमीच्या औषधांमध्ये, म्हणजे ॲप्रेपिटंट, ऑन्डान्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोनमध्ये, एक गोळी वाढवली: ओलान्झापिन, चार रात्री.

ओलान्झापिन हे मुळात मनोविकारावरचं औषध. पण मेंदूत उलटीची साखळी चालवणारे डोपामिन आणि सेरोटोनिनचे बरेचसे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या ग्रहण करणाऱ्या जागा, ते एकदम अडवतं, त्यामुळे केमोच्या मळमळीवर ते फार चांगलं चालतं. २०१६ मध्ये मोठ्या चाचणीत ते दिसलं. त्यात १० मिलिग्रॅमचा डोस होता आणि रुग्ण दिवसभर पेंगायचे. नंतर मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दाखवलं की २.५ मिलिग्रॅमही तितकंच काम करतं आणि पेंग कमी येते. हे सगळं काकूंना कोणी सांगितलं नव्हतं. ओपीडीत शंभर माणसं बाहेर उभी असताना कोण सांगणार? मुलानं घरी येऊन गोळीचं नाव मोबाइलवर टाकलं, पहिल्याच ओळीत 'स्किझोफ्रेनिया' आलं. काकू म्हणाल्या, "पोटासाठी डोक्याची गोळी कशाला? मी काय भ्रमिष्ट झालेय?" पट्टी ड्रॉवरमध्ये गेली. ना मला फोन, ना हॉस्पिटलला.

त्या घरात त्या संध्याकाळी जे झालं, त्याची सुरुवात मी इथून धरतो, तेलाच्या बाटलीपासून नाही.

बाटली कुठून आली

नातू २३ वर्षांचा, हिंजवडीतल्या कंपनीत, आठवड्यातून तीन दिवस घरूनच काम. आजीवर जीव. त्याच्या मित्रानं सांगितलं की कॅन्सरच्या मळमळीवर परदेशात गांजाचं औषध देतात. हे खरंच आहे. मित्र स्वतः झोपेसाठी 'विजया'चं, म्हणजे आयुर्वेदाच्या भाषेत भांगेचं, तेल घ्यायचा. नातवानं ऑनलाइन एका वैद्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलून प्रिस्क्रिप्शन घेतलं, पण स्वतःच्या नावावर आणि निद्रानाशाचं कारण सांगून. त्याचं म्हणणं, आजीचं नाव सांगितलं असतं तर रिपोर्ट मागितले असते. बरोबर आहे, मागितलेच असते. आणि केमो चालू आहे, बीपीची गोळी आहे, झोपेची गोळी आहे हे कळल्यावर त्या वैद्यांनी काहीतरी वेगळं सांगितलं असतं.

म्हणजे हॉस्पिटलला ठाऊक नाही की ओलान्झापिन बंद आहे. वैद्यांना ठाऊक नाही की रुग्ण वेगळा आहे. मला यातलं काहीच ठाऊक नाही. मुलगा-सुनेला वाटतंय की मळमळीवर काहीतरी आयुर्वेदिक आणलंय. आणि काकूंना ठाऊक आहे की ही 'शंकराची बुटी' आहे. त्यांच्या माहेरी महाशिवरात्रीला वडील भांग घ्यायचे, त्यामुळे त्यांना त्यात भिण्यासारखं काही वाटलं नाही.

घटनाक्रम

दुपारी ४.३०. नातवानं अर्धा ड्रॉपर तेल चमच्यात काढलं, कडू लागतं म्हणून वर मध. बाटलीवर 'पाच थेंब' लिहिलं होतं. पण मित्र अर्धा ड्रॉपर घ्यायचा. मित्र दीड वर्षं घेतोय आणि आजी पहिल्यांदा घेतेय, हा फरक कोणाच्या लक्षात आला नाही.

५.३०. काही नाही. मळमळ तशीच. सुनेनं मऊ मेतकूट-भात केला, वर भरपूर साजूक तूप. काकूंनी चार घास खाल्ले.

५.४५. "काही गुण नाही रे याचा." आणखी अर्धा ड्रॉपर.

७ च्या सुमाराला काकू हसायला लागल्या. सुनेला आधी बरंच वाटलं, आठवड्यात पहिल्यांदा हसताहेत म्हणून. मग हसू थांबेना. मग एकदम थांबलं, आणि काकू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, "आकडे जागेवर राहत नाहीयेत." उठायला गेल्या तर डोळ्यांपुढे अंधारी आली, सोफ्याचा हात धरला म्हणून वाचल्या. मग त्यांना वाटायला लागलं की आपले हात आपले नाहीत, आणि आपण आत्ता मरणार आहोत. ७.४० ला मुलाचा फोन आला: "डॉक्टर, आईला बहुतेक पॅरालिसिसचा झटका आलाय."

मी आठला पोचलो. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा, दोन्ही हातांत ताकद सारखी. बोलणं संथ, पण वाक्य पूर्ण करत होत्या. फक्त वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरत होत्या. नाडी १२४. झोपवून बीपी १३२/७८, उभं केल्यावर ९६/६०. साखर ११८. ताप नाही. डोळे लालबुंद, जीभ टाळूला चिकटलेली.

अशा वेळी डोक्यात रांग लागते. पक्षाघात. ओकारीनं सोडियम उतरलंय का? डेक्सामेथासोननं डोकं फिरलंय का? स्टिरॉइडनं ते होतं. मेंदूत गाठ पसरली का? पांढऱ्या पेशी उतरून कुठलं इन्फेक्शन बळावतंय का? यातलं प्रत्येक कारण त्या वयाला, त्या आजाराला शोभणारं. फक्त लाल डोळे, कोरडं तोंड, धावणारी नाडी आणि उभं राहिल्यावर कोसळणारं बीपी हे चारही यातल्या कुठल्याच एका कारणात बसत नव्हते. मी विचारलं, नवीन काही दिलंय का? मुलगा म्हणाला नाही. सून म्हणाली नाही. नातू स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, तो काहीच बोलला नाही.

बोलल्या त्या पोळ्यांच्या मावशी. हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी म्हणते, आजींना ते काळं तेल दिलं ना, ते बाधलं का? चमचा तीनदा घासला तरी चिकट जात नव्हता."

नातवानं फ्रिजच्या दारातून, लोणच्याच्या बरणीमागून, बाटली काढून माझ्या हातात दिली. त्याच्या हाताला कापरं भरलं होतं.

बाटलीचं गणित

लेबलवर ३० मिलिलिटर आणि '३००० मिलिग्रॅम विजया अर्क' होतं. म्हणजे मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम अर्क. पण अर्क म्हणजे टीएचसी नव्हे, आणि आपल्याला हवा असतो तो टीएचसीचा आकडा. नशा आणणारं, मळमळ दाबणारं, भूक लावणारं आणि नाडी पळवणारं द्रव्य ते. तो आकडा लेबलवर नव्हताच. क्यूआर कोड उघडून प्रयोगशाळेचा कागद बघितल्यावर कळलं की अर्कात साधारण ३० टक्के टीएचसी आहे. अर्धा ड्रॉपर म्हणजे अर्धा मिलिलिटर, म्हणजे १५ मिलिग्रॅम टीएचसी. दोनदा मिळून ३०.

टीएचसीची कॅप्सूल अमेरिकेत १९८५ पासून केमोच्या मळमळीसाठी मंजूर आहे, ड्रोनाबिनॉल नावानं. गंमत म्हणजे त्या कॅप्सूलमध्ये टीएचसी तिळाच्या तेलात विरघळवलेलं असतं. आपल्या केमिस्टकडे ती मिळत नाही. तिची सर्वांत लहान कॅप्सूल २.५ मिलिग्रॅमची, आणि नाजूक माणसाला तिथूनच सुरुवात करतात. काकूंना त्याच्या बारा पट गेलं होतं. लेबलवरचे पाच थेंब घेतले असते तरी सहाएक मिलिग्रॅम झालं असतं, म्हणजे पहिल्या दिवसासाठी तेही जास्तच.

डोसइतकाच घात घड्याळानं केला. गांजा ओढला की काही मिनिटांत चढतो आणि दोन-चार तासांत उतरतो. ओढणाऱ्याला कुठे थांबायचं ते लगेच कळतं. तोंडातून घेतलेलं टीएचसी आतड्यातून आधी यकृतात जातं. बराचसा भाग तिथेच खर्ची पडतो, रक्तात पोचतो तो साधारण दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण यकृत त्यातून ११-हायड्रॉक्सी-टीएचसी नावाचं नवीन द्रव्य बनवतं, आणि तेही नशा आणणारंच, मेंदूत सहज शिरणारं. या सगळ्याला अर्धा ते दोन तास लागतात, शिखर दोन ते चार तासांनी येतं, आणि अंमल आठ-दहा तासही राहतो. वर स्निग्ध खाल्लं तर ते जास्त शोषलं जातं. काकूंनी दुसरा डोस घेतला तेव्हा पहिला अजून वाटेत होता, आणि त्याला वाट करून द्यायला साजूक तूप हजर होतं.

आयुर्वेदात भांगेला 'व्यवायी' म्हटलंय: पचायच्या आधी सगळ्या अंगभर पसरणारं. पसरतं हे खरं, पण काकूंच्या बाबतीत ते अडीच तास दबा धरून बसलं आणि मग पसरलं.

कॅज्युअल्टी

घरीच थांबवून चाललं असतं का, असं नंतर मुलानं विचारलं. पंचविशीचा पोरगा असता तर अंधाऱ्या खोलीत पाणी पाजत बसवलं असतं. केमोच्या चौथ्या दिवशी ६८ वर्षांच्या बाईला नाही. भांग आहे हे कळलं म्हणून बाकीची कारणं आपोआप बाद होत नाहीत.

हॉस्पिटलमध्ये सीटी स्कॅन स्वच्छ आला. ईसीजीत नाडी जलद, पण ठोके नियमित. सोडियम १३२, थोडं कमी. पांढऱ्या पेशी पुरेशा. लघवीची पट्टी टीएचसीला पॉझिटिव्ह. पण ती पट्टी फक्त 'घेतलंय' एवढंच सांगते, किती घेतलं ते नाही, आणि रोज घेणाऱ्याची तर बंद केल्यावरही कित्येक दिवस पॉझिटिव्ह राहते. रोजच्या वापरातला उतारा यावर नाही. सलाइन, मंद दिवा, पलंगाचे कठडे वर, आणि शेजारी ओळखीचं माणूस. रात्रीची क्लोनाझेपाम मुद्दाम दिली नाही, गुंगीवर गुंगी नको म्हणून.

अफूजन्य औषधांसारखा श्वास बंद पडत नाही, कारण टीएचसी ज्या सीबी-१ रिसेप्टरवर बसतं ते मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रात फारच थोडे आहेत. स्मरणाच्या, हालचालीच्या, तोल सांभाळण्याच्या भागांत मात्र खच्चून आहेत. वाक्याचं टोक हरवणं, आकडे सरकणं, पाय लटपटणं हे सगळं तिथलंच. त्यामुळे 'यानं कोणी मरत नाही' हे वाक्य कोणी सांगितलं की मी विचारतो, पडून खुबा मोडला तर? बीपीच्या गोळीवर असलेल्या, रात्री बाथरूमला उठणाऱ्या बाईसाठी धोका तो आहे.

एक प्रसंग सांगायलाच हवा. तिथल्या तरुण डॉक्टरनं 'एमएलसी करावी लागेल', म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, म्हटल्याबरोबर नातवाचा चेहरा उतरला आणि तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आपण सांगायचं का की चुकून कफ सिरप जास्त गेलं?" मी त्याला तिथेच बसवलं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. पानांपासून परवान्याखाली बनवलेली आयुर्वेदिक औषधं प्रिस्क्रिप्शनवर मिळतात ती या फटीतून. पण पान म्हणजे सगळं माफ असंही नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगणं गुन्हाच आहे. त्याच्याकडे बिल होतं, प्रिस्क्रिप्शन होतं, बाटली होती. खोटं फक्त नावात आणि कारणात होतं. त्यानं सगळं सांगितलं, अपघाती म्हणून नोंद झाली, पुढे काही झालं नाही. कफ सिरप सांगितलं असतं तर डॉक्टर रात्रभर भलत्याच औषधाच्या मागे लागले असते.

पहाटे दोनला काकू शांत झोपल्या. सकाळी चालताना अजून झोकांड्या जात होत्या. दुपारी एकला त्यांनी सुनेला विचारलं, "आमटी-भात मिळेल का गं?" आणि दोनदा भात मागून घेतला.

तो दुसरा भात

या भातानं मला अडचणीत टाकलं. घरच्यांना वाटलं मी आता म्हणणार, बघा, हे विष आहे. पण गेल्या तीन आठवड्यांत काकूंनी मागून खाल्लेलं ते पहिलं जेवण होतं. आठ-दहा तासांचा अंमल संपल्यावर ती भूक टीएचसीची म्हणायची, की चौथा दिवस ओलांडल्यावर केमोनं आपण होऊन सोडलेली, हे मला एका माणसावरून ठरवता येत नाही.

चाचण्यांमधलं चित्र असंच दुपेडी आहे. जुन्या मळमळीच्या औषधांपेक्षा टीएचसी चांगलं ठरलं होतं, पण ती औषधं आता मागे पडलीत. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये आलेल्या एका चाचणीत नेहमीच्या औषधांवर २.५ मिलिग्रॅम टीएचसी आणि तितकंच सीबीडी (गांजातलंच, पण नशा न आणणारं द्रव्य) असलेल्या एक ते चार कॅप्सूल दिवसातून तीनदा दिल्या. ओकारीही झाली नाही आणि मळमळीचं जादा औषधही लागलं नाही अशांचं प्रमाण १४ वरून २५ टक्क्यांवर गेलं. जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांना गुंगी, चक्कर, गोंधळ असा बऱ्यापैकी त्रास झाला. आणि तरीही दहातल्या आठांनी सांगितलं की आम्हाला हेच हवं. मला तो शेवटचा आकडा महत्त्वाचा वाटतो. रुग्ण मूर्ख नसतात, मळमळ काय असते ते त्यांना माहीत असतं. उलट कॅन्सरमध्ये गेलेली भूक परत यावी म्हणून २००६ मध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत टीएचसी आणि खोट्या कॅप्सूलमध्ये फरक दिसला नाही. आणि 'तेलानं गाठ विरघळते' असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं, त्याला माणसांवरच्या चाचणीचा आधार नाही. केमो सोडून तेल धरलं असं एक घर मी पाहिलंय. त्यावर इथे लिहीत नाही.

तिसऱ्या केमोआधी मी, काकू आणि कॅन्सरच्या डॉक्टर असे तिघं बसलो. ओलान्झापिन २.५ मिलिग्रॅम, रात्री, चार दिवस. ही डोक्याची गोळी का नाही हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, सात मिनिटं लागली. क्लोनाझेपाम एकदम तोडता येत नाही, ती मी पाव-पाव करत कमी करायला घेतली, कारण ओलान्झापिनबरोबर तीही गुंगीच वाढवते. काकूंनी विचारलं, "आणि यानं नाही भागलं तर ते तेल?" डॉक्टर म्हणाल्या, "तर माझ्यासमोर, थेंबानं, संध्याकाळी, आणि दोन तास घड्याळ बघत." मला हे उत्तर आवडलं. नाही म्हटलं असतं तर पुढची बाटली लोणच्यामागे गेली असती.

नातवाचा प्रश्न

तो आठवड्यानं एकटा दवाखान्यात आला. "काका, आजीचं झालं. आम्ही पोरं ओढतो त्याचं काय?"

मी त्याला भाषण दिलं नाही, आकडे दिले. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या तरुणांचा १९८७ मध्ये छापलेला अभ्यास: पन्नासहून जास्त वेळा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनिया सहापट. २०१९ चा मुख्यतः युरोपातल्या शहरांचा अभ्यास: १० टक्के किंवा जास्त टीएचसीचा माल रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका जवळजवळ पाचपट. हे कारण की योगायोग यावर वाद आहे, पण घरात कोणाला असा आजार असेल तर तो वाद आपल्यावर सोडवून बघू नये. सवय लागणाऱ्यांचं प्रमाण साधारण अकरात एक, शाळा-कॉलेजच्या वयात सुरू केलेल्यांत सहात एक.

तो ऐकत होता. मग सहज म्हणून एक गोष्ट सांगितली: वर्षानुवर्षं खूप ओढणाऱ्यांना उलट ओकाऱ्याच सुरू होतात, आणि त्यांना फक्त कढत पाण्याच्या अंघोळीनं बरं वाटतं. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा मांडलं.

त्यानं मान वर केली. "किती वेळा अंघोळ?"

"दिवसातून चार-पाच वेळासुद्धा. का?"

"वाकडच्या फ्लॅटवर माझा तो मित्र. ज्यानं तेल सांगितलं तो. त्याचा गीझर बंदच नसतो. ॲसिडिटी म्हणून दोनदा एंडोस्कोपी झालीय त्याची."

त्याला पाठवून दे म्हटलं. तो आला, पण ते प्रकरण वेगळं.

वही

काकूंनी तिसऱ्या केमोपासून एक वही केली, हजेरीपटासारखी आखलेली. तारीख, वेळ, गोळीचं नाव, काय खाल्लं, मळमळ दहापैकी किती. डॉक्टर, वैद्य, केमिस्ट, कोणीही असो, वही आधी पुढे करायची. चौथ्या दिवसाच्या रकान्यात लिहिलंय: 'मळमळ ३. थालीपीठ अर्धं. फोडणीचा वास सहन झाला.' खाली नातवाच्या अक्षरात: 'आजीने मावशींना ओरडली, म्हणजे बरी आहे.' त्यातला 'ओरडली' लाल पेनानं दुरुस्त केलेला.

बाटली अजून जवळजवळ भरलेलीच होती. काकूंनी फोन करून विचारलं, हिचं काय करू. मी सांगितलं, चहाच्या चोथ्यात मिसळा, पिशवीला गाठ मारा आणि कचऱ्यात टाका. बेसिनमध्ये ओतू नका, आणि मुख्य म्हणजे कोणाला देऊ नका.

"साडेतीन हजार घातलेत हो पोरानं," त्या म्हणाल्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग: "चोथा किती घेऊ? घरात चार कप चहा होतो दिवसाला."